खोत गेले, मनिऑर्डर राहिली

१/
मुंबई–गोवा महामार्गावर हातखंबा सोडून लांज्याच्या दिशेने निघाले की पाली लागते. अष्टविनायकातील पाली ती ही नव्हे. ती रायगड जिल्ह्यात आहे. ही पाली रत्नागिरी तालुक्यातील. कोल्हापूरकडे, आंबा घाटाच्या दिशेने जाणारा रस्ता येथूनच फुटतो. गणेशोत्सवाच्या आधीच्या रात्री या नाक्यावरून मुंबईच्या गाड्यांची रांग सरकत असते. दहा दिवसांनी तीच रांग उलट दिशेने परतते. एका जिल्ह्याची कमावती माणसे सव्वातीनशे किलोमीटरहून अधिक दूर राहतात आणि सणापुरती घरी येतात, ही गोष्ट सर्वांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे कारण कोणी विचारत नाही. हा धागा त्या कारणाविषयी आहे.

२/
नेहमीचे उत्तर ठरलेले असते : कोकणात पिकत नाही. त्यात तथ्य आहे. जांभ्याचा कातळ, उताराची जमीन, चार महिने कोसळणारा आणि आठ महिने गायब असणारा पाऊस, भाताची चिंचोळी खाचरे आणि वर नाचणी-वरीची वरकस जमीन. परंतु हा कातळ हजारो वर्षांचा आहे आणि गावेच्या गावे मुंबईच्या पगारावर जगू लागली ती गेल्या दीडशे वर्षांत. भूगोल तोच राहिला आणि जगण्याची रीत पालटली, तेव्हा कारण केवळ भूगोलात सापडणार नाही. ते महसुलाच्या दप्तरातही शोधावे लागते.

३/
त्यासाठी १८८० हे वर्ष लक्षात ठेवावे. या एकाच वर्षी दोन घटना घडल्या. मुंबई सरकारचा खोती कायदा अमलात आला आणि रत्नागिरीतील खोत व कूळ यांचे नाते कायद्याच्या कलमांत बांधले गेले. त्याच वर्षी भारतातील मनिऑर्डरचा कारभार सरकारी तिजोऱ्यांकडून टपाल खात्याकडे आला. या दोन निर्णयांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पुढे रत्नागिरीच्या खेड्यात मात्र ते एकाच घरात भेटले : एकामुळे जमिनीतील उत्पन्न घराबाहेर जात होते, दुसऱ्यामुळे बाहेरची मिळकत घरात येत होती.

४/
प्रथम खोती. शालेय पाठ्यपुस्तकातील नकाशात बंगालमध्ये कायमधारा आणि मुंबई इलाख्यात रयतवारी दाखवलेली असते. रयतवारी म्हणजे सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये कोणी मध्यस्थ नाही. इलाख्याच्या मोठ्या भागाला हे वर्णन लागू पडते. रत्नागिरीला पडत नाही. या जिल्ह्यातील बहुसंख्य गावे खोती होती. सरकार गावाचा सारा खोताकडून घेई आणि खोत तो कुळांकडून वसूल करी. म्हणजे रयतवारीच्या इलाख्यातच जमीनदारीशी नाते सांगणारा एक जिल्हा होता. परीक्षेत रयतवारी लिहून गुण मिळतात. कोकणातील कुळाच्या वाट्याला ती क्वचितच आली.

५/
खोती इंग्रजांनी निर्माण केली नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. तिची मुळे आदिलशाही काळापर्यंत जातात. ओस गावे वसवणे, लागवड वाढवणे आणि सारा भरण्याची हमी घेणे हे खोताचे मूळ काम. पेशवाईत ही वतने वंशपरंपरेने चालली. १८१८ मध्ये पेशवाई संपली, दक्षिण कोकण इंग्रजांकडे आले आणि १८२२ मध्ये जिल्ह्याचे ठाणे बाणकोटहून रत्नागिरीला हलले. नव्या राज्यकर्त्यांना वेळेवर सारा हवा होता. प्रत्येक गावात ती जबाबदारी घेणारे घराणे आधीच होते. ते त्यांनी कायम ठेवले.

६/
वसाहतकाळात बदलली ती खोतीची ताकद. पूर्वी खोताचा हक्क परंपरा, गावची रीत आणि कुळांची गरज यांच्या ताणात तोलला जात असे. माणसे कमी आणि जमीन जास्त असताना कूळ गाव सोडून जाण्याची धमकी देऊ शकत होते. इंग्रजी अमलात मोजणी झाली, नोंदवह्या तयार झाल्या आणि दिवाणी न्यायालये आली. जे लवचीक होते ते लेखी झाले. लेखी हक्काच्या पाठीशी कोर्टाचा हुकूमनामा आणि जप्ती उभी राहिली. लोकसंख्या वाढत गेली तशी कुळाची जुनी धमकीही बोथट झाली. जुनी संस्था नव्या यंत्रणेत बसवली की ती जुनी राहत नाही; रत्नागिरीची खोती हे त्याचे नेमके उदाहरण आहे.

७/
कुळांचेही थर होते. धारेकरी हा सर्वांत सुरक्षित; त्याने सरकारी धाऱ्याइतकीच रक्कम द्यायची. त्याच्याखाली अर्धेल आणि तिर्धेल देणारी कुळे. अर्धेल म्हणजे पिकाचा अर्धा वाटा, तिर्धेल म्हणजे तिसरा. याशिवाय वेठ होती : खोताच्या शेतात, खोताच्या घरी, बिनमोबदला काम. सरकार खोताकडून रोकड घेई, खोत कुळाकडून बहुधा धान्य घेई आणि मधला फरक खोताचा राही. कुणबी, महार, मराठा, भंडारी अशा अनेक जातींची कुळे होती. खोतांमध्ये ब्राह्मणांचे प्रमाण मोठे असले तरी मराठा आणि मुसलमान खोतही होते. जमिनीचा हा प्रश्न जातीपासून वेगळा काढता येत नाही, पण एका जातीपुरता मर्यादितही ठेवता येत नाही.

८/
१८८० च्या कायद्याने काही कुळांना संरक्षण दिले, हेही खरे. ठरावीक मुदतीपासून सलग जमीन कसत आल्याचे सिद्ध करणाऱ्यांना वहिवाटीचा हक्क मिळाला. हा हक्क वारशाने मुलांकडे जाई. मात्र खोताच्या संमतीवाचून तो दुसऱ्याला देता येत नसे. परिणामी कूळ जमिनीला बांधलेले राहिले, पण त्या जमिनीच्या आधारे भांडवल उभे करणे त्याला कठीण झाले. बांध घालावा, विहीर खणावी, कलमे लावावीत, तर वाढीव उत्पन्नाचा वाटा वर जाणार. अशा जमिनीत कोण पैसा घालील? पुढे ज्याला कोकणी माणसाचा आळस म्हटले गेले, त्यातील बराच भाग हा साधा हिशेब होता.

९/
आता दुसरी बाजू : मुंबई. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची उभारणी सुरू केली. पुढील काही दशकांत परळ, लालबाग, वरळीच्या पट्ट्यात गिरण्यांची रांग उभी राहिली. गोदी, रेल्वे, पोलीस, घरकाम या सर्वांना माणसे हवी होती. किनाऱ्यावरून आगबोटी सुरू झाल्या आणि मुंबई एका-दोन दिवसांच्या अंतरावर आली. मुंबईबाहेर जन्मलेल्या मुंबईकरांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा वसाहतकालीन जनगणनांमध्ये सातत्याने सर्वांत मोठ्यांपैकी होता. त्याआधी कंपनीच्या मुंबई फौजेतही कोकणातील मराठा आणि महार मोठ्या संख्येने होते. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. त्यांचे वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते.

१०/
यातील अर्थशास्त्र नीट समजून घेण्यासारखे आहे. गिरणीकामगार एकटा मुंबईला जाई. दहा-पंधरा जण मिळून चाळीत एक खोली घेत. गावाच्या नावाने चालणाऱ्या अशा खोल्या गिरणगावात जागोजागी होत्या. बायको, मुले, म्हातारी माणसे गावी राहत. मुलांचे संगोपन, आजारपण, म्हातारपण यांचा भार गाव उचली; म्हणून गिरणीला एकट्या माणसापुरती मजुरी देऊन भागत असे. गावाला खोताचा वाटा आणि सावकाराचे व्याज भागवायला रोकड हवी होती; ती मनिऑर्डरने येई. खोती आणि गिरणी एकमेकींना अशा प्रकारे तोलून धरत होत्या. दोहोंच्या मधोमध जी होती, ती भाताची लावणी करणारी स्त्री. सरकारी कागदावर कूळ म्हणून नाव मात्र सहसा तिच्या नवऱ्याचे असे.

११/
मनिऑर्डरच्या फॉर्मच्या तळाशी मजकुरासाठी लहानशी जागा असे. पोस्टमन पैसे देई, अंगठा घेई आणि पुष्कळदा तो मजकूरही वाचून दाखवी. कोकणच्या या जगण्याला पुढे मनिऑर्डरची अर्थव्यवस्था असे नाव पडले. या पैशाने घरे तगली, मुले शिकली, देवळांचे जीर्णोद्धार झाले. परंतु हा पैसा आला की खर्च होई. गावात नवा धंदा उभा करण्याइतका तो क्वचितच साठत असे. म्हणून पुढच्या पिढीलाही तीच आगबोट पकडावी लागे.

१२/
दळणवळणाची कथाही याच अंगाने जाते. दाभोळ, राजापूर ही एकेकाळी घाटमाथ्याशी जोडलेली बंदरे. राजापुरात इंग्रजांची वखार सतराव्या शतकातच आली होती. १८५३ मध्ये मुंबई–ठाणे रेल्वे धावली आणि १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग पुण्याकडे खुला झाला. दख्खनचा कापूस आणि धान्य आता थेट मुंबईला जाऊ लागले. घाटवाटांनी बैलांवरून माल उतरवणारी कोकणची बंदरे मागे पडली. साम्राज्याच्या रेल्वेला कापसाचा प्रदेश आणि बंदर यांना जोडायचे होते. रत्नागिरीतून तिला माणसे हवी होती आणि माणसे आगबोटीनेही येत होती.

१३/
सरकार रत्नागिरीकडे कसे पाहत होते, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. १८८५ मध्ये ब्रह्मदेश जिंकल्यावर राजा थिबा याला १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले गेले. १९१६ मध्ये त्याचा मृत्यू येथेच झाला; १९१० मध्ये त्याच्यासाठी बांधून पूर्ण झालेला राजवाडा आजही उभा आहे. १९२४ मध्ये वि. दा. सावरकरांना स्थानबद्ध केले तेही रत्नागिरी जिल्ह्यात. १९३७ पर्यंत ते तेथे होते. पदच्युत राजा आणि राजबंदी यांना ठेवायला योग्य, म्हणजे मुख्य प्रवाहापासून पुरेसा दूर, असा हा जिल्हा मानला गेला होता. ही दूरता निसर्गाने जितकी दिली, तितकीच ती न बांधलेल्या रस्त्यांनी आणि रेल्वेने दिली.

१४/
खोतीविरुद्ध राष्ट्रीय चळवळ एकदिलाने उभी राहिली असेल, अशी समजूत असेल तर ती सोडावी लागते. १८९९ च्या सुमारास सरकारने खोती कायद्यात दुरुस्ती सुचवली तेव्हा लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून खोतांच्या हक्कांची बाजू घेतली. जुन्या वतनी हक्कांत परक्या सरकारने हात घालू नये, ही त्यामागची भूमिका. परकी सत्ता हाच मुख्य प्रश्न मानला की गावातील सत्तेचा प्रश्न मागे पडतो. कुळाला मात्र दोन्ही सत्तांना तोंड द्यावे लागत होते. टिळकांचे मोठेपण मान्य करूनही हा विरोधाभास नोंदवणे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे कर्तव्य आहे.

१५/
पुढची पिढी वेगळी निघाली. कुलाबा जिल्ह्यात अलिबागजवळील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे थांबवले. हा संप १९३९ पर्यंत चालला. दरम्यान डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. त्यात खोतांना भरपाईचीही तरतूद होती. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. कोकणातील कुळे बोटींनी आली आणि गिरणगावातील त्यांचेच भाऊबंद त्यांना येऊन मिळाले. शेतकरी आणि कामगार हे दोन वर्ग येथे अनेकदा एकाच घरातील दोन भाऊ होते.

१६/
ते विधेयक मंजूर झाले नाही. तेव्हा मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते बाळासाहेब खेर. त्यांचा जन्म रत्नागिरीचाच. स्वातंत्र्यानंतर खेर यांच्याच मंत्रिमंडळाच्या काळात १९४९ चा खोती निर्मूलन कायदा झाला आणि मे १९५० मध्ये तो लागू झाला. सुमारे बारा वर्षांचा हा उशीर एका व्यक्तीच्या माथी मारणे योग्य नव्हे. मर्यादित मताधिकाराने निवडलेली विधिमंडळे, त्यांतील जमीनधारकांचे वजन, गव्हर्नरच्या हातातील अधिकार आणि मध्ये आलेले महायुद्ध, या सर्वांचा त्यात वाटा होता. मतदानाचा हक्क मालमत्ता आणि शिक्षणाशी बांधणे ही वसाहतकालीन व्यवस्थाच होती. ज्याचे पोट प्रश्नावर अवलंबून होते त्यालाच बहुधा मत नव्हते.

१७/
कायदा झाला. खोताचे मध्यस्थपण संपले आणि कुळांना थेट सरकारी खातेदार होण्याची वाट मोकळी झाली. १९४८ च्या कूळकायद्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. हा बदल लहान नव्हता. वेठ गेली, अर्धेल गेले, खोताच्या ओटीपुढे उभे राहण्याची रीत ओसरली. स्वातंत्र्याने काहीच बदलले नाही असे म्हणणारा कुळाच्या घरात कधी जन्मला नसावा.

१८/
तरीही हक्क मिळवायचा तो कागदावर. कूळ म्हणून नाव लागलेले असावे, लवादापुढे ते टिकावे आणि किंमत भरावी. तोंडी व्यवहारावर पिढ्यान् पिढ्या जमीन कसलेल्यांना पुरावा आणणे अवघड गेले. घरातील पुरुष मुंबईत असेल तर तारखेला हजर कोणी राहायचे? खोतीचे हिस्सेही आधीच आणे-पैत विभागलेले होते. एका गावाच्या खोतीत अनेक घराण्यांचे वाटे असत. त्यामुळे कोकणातील सातबारा हा आजही नावांच्या लांबलचक यादीसाठी ओळखला जातो. एका उताऱ्यावर कितीतरी सहहिस्सेदार, त्यांतील निम्मे मुंबईत, काही हयात नाहीत, वारसनोंद झालेली नाही. सातबाऱ्यामागील हक्कनोंदणीची पद्धतही विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मुंबई सरकारचीच देणगी. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने ती पुढे चालवली.

१९/
जमीन कायद्याने मिळाली तेव्हा ती कसण्याचे वळणच बदललेले होते. तीन पिढ्या मुंबईवर जगलेल्या घराला दहा-वीस गुंठ्यांची मालकी परत शेतीकडे वळवू शकली नाही. पाणी साठवण्याची सोय नव्हती, बाजार दूर होता, कर्ज देणारी संस्था दुर्बळ होती. स्वतंत्र भारताच्या नियोजनात उद्योग मुंबई–ठाणे–पुणे पट्ट्यात वाढले. कारण बंदर, रेल्वे, वीज आणि भांडवल तेथे आधीपासून होते. वसाहतकाळाने जेथे पाया घातला होता तेथेच नवी इमारत चढवणे स्वस्त पडले. यात कोणाचा कट नव्हता. आधीची गुंतवणूक पुढच्या गुंतवणुकीला ओढून घेते, एवढेच. मात्र त्याची किंमत रत्नागिरीसारख्या जिल्ह्यांनी मोजली.

२०/
रेल्वेचेच पाहा. बॅरिस्टर नाथ पै आणि प्रा. मधू दंडवते या राजापूर मतदारसंघाच्या खासदारांनी कोकण रेल्वेची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. १९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम झाले आणि जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला. देशातील पहिली प्रवासी गाडी मुंबईतून सुटल्यानंतर १४५ वर्षांनी. पालीच्या परिसरातून कोल्हापूरला जायला मात्र आजही घाटरस्ताच आहे. दख्खन आणि दक्षिण कोकण यांना जोडणारा लोहमार्ग इंग्रजांना नको होता. स्वतंत्र देशातही तो कागदाच्या पुढे गेला नाही.

२१/
दरम्यान मुंबईकडील टोक तुटले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणीसंप सुरू झाला; सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप विधिवत मागे घेतला गेलाच नाही, आणि अनेक गिरण्या पुन्हा पूर्ववत सुरू झाल्या नाहीत. त्याचा धक्का लालबागइतकाच रत्नागिरीच्या वाड्यांनाही बसला, कारण मनिऑर्डर थांबली होती. ज्या गावाने शंभर वर्षे कामगाराच्या म्हातारपणाचा भार उचलला होता, त्याच गावाकडे बेकार कामगार परतले. त्यांची मुले पुन्हा मुंबईलाच गेली. आता गिरणीऐवजी कुरिअर, सुरक्षारक्षक, दुकान, कार्यालय यांकडे. नोकरी बदलली, रस्ता तोच राहिला.

२२/
राजकीय परिणामही पाहिले पाहिजेत. गावाचा पैसा मुंबईतून येई, म्हणून गावाचे निर्णयही मुंबईत होऊ लागले. शाळेची इमारत, देवळाचा सभामंडप, पाण्याची टाकी, यांच्या बैठका गिरणगावातील ग्रामस्थ मंडळांत भरत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबईवरील हक्क हा कोकणी घराला जगण्याचा प्रश्न वाटला, याचे कारण हेच. दुसरा परिणाम कायद्यांचा. १८९४ चा भूसंपादन कायदा स्वतंत्र भारताने २०१३ पर्यंत वापरला. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पासाठी माडबन परिसरातील सुमारे ९३८ हेक्टर जमीन याच कायद्याखाली घेण्यात आली. प्रकल्प हवा की नको, हा वेगळा वाद आहे. सार्वजनिक प्रयोजन कोणते, हे सरकारने ठरवायचे आणि जमीनधारकाने फक्त मोबदल्यावर बोलायचे, ही त्या कायद्याची मूळ धारणा मात्र परक्या सत्तेची होती.

२३/
हा प्रश्न केवळ कोकणाचा नाही. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातील जिल्ह्यांची तुलना केली. इंग्रजांनी जेथे जमीनदारांशी सारा ठरवला, तेथे स्वातंत्र्यानंतरही शेतीतील गुंतवणूक आणि उत्पादकता तुलनेने कमी राहिली, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर पुढे आक्षेपही घेतले गेले. तरी मूळ प्रश्न टिकतो : जमीनदारी रद्द होऊन दशके उलटल्यावरही तिची सावली का उरते? रत्नागिरी एक उत्तर सुचवते. कायदा मध्यस्थाला हटवू शकतो. मध्यस्थामुळे न झालेले बांध, विहिरी, शाळा आणि रस्ते मागील तारखेने बांधू शकत नाही.

२४/
आकडे तेच सांगतात. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १६.९७ लाख होती. २०११ मध्ये ती सुमारे १६.१५ लाखांवर आली. देश वाढत असताना जिल्हा आकसला. २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे येथे अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या. मुलींच्या जन्माचे स्वागत होते म्हणून हा आकडा वाढलेला नाही. पुरुष गावात नाहीत म्हणून तो वाढलेला आहे. वसाहतकालीन जनगणनांतही या जिल्ह्यात स्त्रियांची संख्या अधिकच नोंदलेली आढळते. शंभर वर्षांहून अधिक काळ एकच आकडा तीच गोष्ट सांगतो आहे.

२५/
तरी हे चित्र अटळ मानण्याचे कारण नाही. १९७२ मध्ये दापोलीला कृषी विद्यापीठ आले. १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग योजना सुरू झाली आणि ज्या वरकस जमिनीत काही होत नाही असे म्हणत, तेथे हापूस आणि काजूच्या बागा उभ्या राहिल्या. कातळ तोच होता. मालकी आणि अनुदान हाती आल्यावर तोच कातळ फळला. पिकत नाही, या जुन्या उत्तराला याहून चांगले प्रत्युत्तर नाही. आज रत्नागिरीच्या अनेक बागांत राखणीला नेपाळहून आलेले मजूर असतात. आपली माणसे मुंबईला पाठवणारा जिल्हा दुसऱ्या डोंगराळ प्रदेशाची माणसे कामाला आणतो, आणि तीही महिन्याच्या महिन्याला घरी पैसे धाडतात.

२६/
इंग्रज १९४७ मध्ये गेले, खोती १९५० मध्ये गेली, गिरण्या १९८२ नंतर बंद पडत गेल्या. मनिऑर्डरचा कागद जाऊन मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय आली. या व्यवस्थेचा एकेक खांब पडला, पण तिने घालून दिलेली वाट अजून वापरात आहे. तिला कोकणी माणसाचा स्वभाव म्हटले की प्रश्न संपतो. तिला इतिहास म्हटले की पुढचा प्रश्न सुरू होतो. माणसांनी, कायद्यांनी आणि अंदाजपत्रकांनी जे घडवले, ते माणसांना, कायद्यांना आणि अंदाजपत्रकांना बदलताही येते. यंदाच्या गणपतीत पालीच्या नाक्यावर गाड्यांची रांग पुन्हा लागेल. तिच्यातील किती जणांना परतीचे तिकीट काढावे लागते, यावर वसाहतवाद कितपत संपला हे मोजता येईल.

(धागा समाप्त)
#कोकण #खोती #रत्नागिरी #इतिहास